डोरा म्हणजे याकू नव्हे
जपानी माहजोंगबद्दल (सोंगट्यांचा खेळ) वर प्रश्न आलाय की चार संच आणि जोडी जुळली, शिवाय तीन डोरा (बोनस सोंगट्या) होते, तरी 'रॉन' (दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकलो) का म्हणता आलं नाही. डोराने हान (हाताची किंमत मोजायचं एकक) वाढतात, पण डोरा हा याकू (जिंकायला पात्र ठरवणारी ठरावीक रचना किंवा अट) नाही, आणि जिंकायला किमान एक याकू लागतोच. रमीत प्युअर सिक्वेन्स नसेल तर ढीगभर जोकर असूनही डाव लागत नाही, तसंच काहीसं. तुम्ही 'ची' म्हणून, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलून, १-२-३ लावलंत तिथेच घोळ झाला. त्याने हात उघडला म्हणून रीची (बंद हात एका सोंगटीवर आलाय असं जाहीर करणं) आणि पिनफू (चारही संच क्रमाचे असलेला बंद हात) हे याकू गेले, एक्का आला म्हणून तान्याओही (फक्त २ ते ८ च्या सोंगट्या).

हात बंद असता तर? समजा पिनफूचा हात आहे, बाकी सगळ्या सोंगट्या २ ते ८ मधल्या आणि बांबूच्या २-३ वर १ किंवा ४ हवाय. रीची लावल्यावर कुणी १ टाकला तर २ हान, २००० गुण. ४ टाकला तर तान्याओ धरून ३ हान, ३९००. (डीलर नसाल तर, आणि डोरा सोडून. इप्पात्सु, म्हणजे रीचीनंतर एका फेरीतच जिंकल्याचा जादा हान, हा नशिबाचा भाग.) निवड असेल तेव्हा मी २-३ पेक्षा ३-४ जपतो. २ येवो की ५, तान्याओ शाबूत!