मदत हवी आहे: सांगलीत गाडीशिवाय राहता येईल असा फर्निश्ड फ्लॅट, ११ महिन्यांसाठी

पायी_पायी: बदली सांगलीला झाली आहे, आई सोबत असेल. गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. भाजी, औषधं, देऊळ चालत व्हायला हवं. गावभागात पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके पाहिला. भाडं १२,०००, डिपॉझिट ४०,०००, एजंटच्या भाषेत 'फुल फर्निश्ड'. दुसरा विश्रामबागला, जरा महाग. कुठला घ्यावा? करारात काय पाहावं?

आयर्विनखालचा: चालण्याच्या हिशोबानं गावभागाला तोड नाही. गणपती मंदिर, हरभट रोड, पेठ सगळं जवळ. पण आधी पुराचं बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं.

पहिला मजला म्हणजे सुटलो, असं धरू नका. वीजमीटरची पेटी, पाण्याची मोटर आणि जमिनीतली टाकी कुठे आहे ते पाहा. तिन्ही पार्किंगमध्ये असतील तर पाणी पार्किंगमध्ये शिरलं की पुरवठा बंद करावा लागतो आणि टाकीत पुराचं पाणी जातं. मग वर घर कोरडं, नळही कोरडा. आईंना घेऊन बाहेर पडायचं तर जिन्याखालीच पाणी. मीटर उंचावर हलवलेले असतील तर ती इमारत शहाणी समजा.

पाणी कुठवर आलं होतं हे एजंटला विचारू नका, खालच्या दुकानदाराला विचारा. भिंतीला हात लावून दाखवेल. नवा रंग पाहून फसू नका.

चावी_नंबर_दोन: 'फुल फर्निश्ड' म्हणजे बऱ्याचदा पंखे, ट्यूब, कपाट आणि किचन ट्रॉली. पलंग, गादी, फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन आहे का ते एकेक विचारा. प्रत्येक वस्तूची कंपनी, नग आणि अवस्था ('फ्रिजच्या दाराला पोचा') लिहून यादी करारालाच जोडा, दोघांच्या सह्या घ्या. चावी घेताना सगळं चालू करून व्हिडिओ काढा. गीझर, मशीन आपोआप बिघडलं तर दुरुस्ती कुणाची, हे लिहिलं नाही की डिपॉझिटातून कापाकापी सुरू होते.

गॅस मालकाच्या नावावर असेल तर सिलेंडर बुकिंग कोण करणार तेही ठरवा. वीजमीटर स्वतंत्र हवा. दोन घरांत एकच असेल तर युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या दराच्या टप्प्यात जातात आणि भुर्दंड तुम्हाला. पहिल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा.

पायी_पायी: एजंट म्हणतो स्टॅम्पवर नोटरी पुरे.

दस्तलेखक७०: पुरे नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा ११ महिन्यांचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. तुमच्या आकड्यांवर: ११ महिन्यांचं भाडं १,३२,०००, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, सुमारे ३,७००. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे चारशेच्या आतच. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एजंट आपली फी वर मागेल, तिच्यावर घासाघीस करा. आधारवर अंगठा देऊन ऑनलाइन होतो. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस लिहून घ्या, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पोच मालकाकडून मागा.

आयर्विनखालचा: आणि आई जिना चढू शकत नसतील तर विश्रामबागलाच घ्या, तिथे लिफ्ट किंवा तळमजला असेल तर. फक्त सांगली-मिरज रस्ता रोज ओलांडावा लागणार नाही, अशा बाजूचा.