पावसाळ्यात घोट्यावरचा टॅटू

घोट्यावर चार दिवसांपूर्वी टॅटू काढलाय, पावसाळ्यात काळजी कशी घ्यायची, असं तुम्ही विचारलंय आणि त्यावर कुणीतरी हळद आणि खोबरेल लावायला सांगितलंय. कृपया लावू नका. टॅटू म्हणजे हजारो टोच्यांची उघडी जखम असते, तिथे घरातली हळद निर्जंतुक नसते. सौम्य, बिनवासाचा साबण, साधं पाणी, स्वच्छ कपड्याने टिपून कोरडं करणं आणि मलमाचा अगदी पातळ थर, एवढं पुरतं. मुंबईच्या दमट हवेत जाड थर दिला की घाम अडकतो आणि पुरळ येतं. माझ्या मनगटाचं असंच झालं होतं.

पण मला खरी काळजी तुमच्या घोट्याची आहे. जुलै चालू आहे. हिंदमाताला किंवा मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू जखमेतून सहज शिरतात. साधी खरचटही पुरते, मग इथे तर अख्खी नक्षी उघडी आहे! जोरदार पाऊस असेल तर शक्यतो घरूनच काम करा. तुंबलेल्या पाण्यातून चालावंच लागलं, तर घरी येताच पाय धुवा आणि ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी तेच ठरवतील.

खपली खाजेल, नखं लावू नका, रंग निघतो. वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत भरते, तोवर जुहूचा समुद्र नको. लाली पसरत गेली, पू आला तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.