सहा महिन्यांचं बाळ आणि 16 जून: रुजू व्हायचं की साठ दिवस थांबायचं?

कानामात्रा (धागा)

डिसेंबरच्या मध्यावर बाळंतपण झालं की 180 दिवसांची प्रसूती रजा नेमकी शाळा उघडताना, 16 जूनच्या सुमारास, संपते. मे महिन्याची सुट्टी त्यात बुडते ती वेगळीच. मग स्टाफरूममधून सल्ला येतो, 'बालसंगोपन रजा टाक, झेंडावंदन झालं की ये.' माझं मत उलट आहे. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेने पहिल्या दिवशीच रुजू व्हावं.

बालसंगोपन रजा 2018 पासून मिळते, पण अख्ख्या नोकरीत मिळून 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. साठ दिवस आत्ताच वापरले तर तिसरा हिस्सा संपला. पुढे गोवर-कांजिण्या आहेत, दहावी आहे. शिवाय वर्ग बसतो तो जून-जुलैत: पुस्तकं-गणवेश वाटप, सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी). ऑगस्टात आलेल्या बाईंना दुसऱ्याने लावलेल्या सवयींचा वर्ग मिळतो.

आणि बाळाचं म्हणाल तर सहाव्या महिन्यात ते बहुधा कुणाच्याही कडेवर जातं. आठव्या-नवव्यात अनोळखी चेहऱ्याला बिचकतं, आई दाराआड गेली की आकांत करतं. म्हणजे 16 ऑगस्ट हा पाळणाघराचा सगळ्यात वाईट मुहूर्त. त्यापेक्षा 1 जूनपासून सवय लावा. पहिले तीन दिवस आईसकट तासभर, मग आईविना एक तास, मग एक जेवण, मग एक झोप. झोप शेवटी, कारण नव्या जागी बाळ सगळ्यात उशिरा रुळतं ते झोपायलाच.

वाटीचमचा

हिशेब रजेचा बरोबर, पोटाचा चुकला. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं, म्हणजे 16 जूनला बाळ दोन-तीन चमच्यांवर असतं. दिवसाचं पोट सगळं दुधावर. आठव्या महिन्यात तेच बाळ अर्धी वाटी मऊ खिमटी दिवसातून दोन-तीनदा खातं. तेव्हा आई आठ तास नसली तरी मध्ये एक-दोनदा दूध पुरतं. हे साठ दिवस त्यासाठीच हवेत.

शिवाय नवा पदार्थ एका वेळी एकच द्यायचा असतो, दोन-तीन दिवस तोच, म्हणजे पुरळ किंवा जुलाब झाले तर कशाने ते कळतं. नाचणी सत्त्व, तांदूळ-मुगाची खिमटी (तांदूळ दोन भाग, डाळ एक, भाजून रवाळ दळलेली, वरून तूप), मग भोपळा-गाजर. मीठ, साखर नको आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. दहा बाळं सांभाळणाऱ्या मावशी एवढं लक्ष ठेवतील असं धरून चालणं भाबडेपणा आहे. त्यांना सोयीची म्हणून खिमटी पातळ होते, पातळ पेजेने पोट भरतं पण अंग धरत नाही. चमचा तिरका केला तर ओघळायला नको, इतकी घट्ट हवी.

आणि मुहूर्त कसला? पाऊस लागल्यावर पाळणाघरात सर्दी-ताप फिरतो तो याच दोन महिन्यांत.

मधली_सुट्टी

वाटीचमचा, दूध काढून ठेवता येतं, हे तुम्ही वगळलंत. आईपासून दूर असलेल्या दर तासाला साधारण 30 मिली धरा. आठ तासांना 240, म्हणजे 80-80 चे तीन भाग. थोडं जास्त ठेवा.

शाळेत निदान दोनदा दूध काढावं लागतं: परिपाठाआधी आणि मधल्या सुट्टीत. गडबड होते ती मधल्या सुट्टीत. पोषण आहाराचं वाढप, पालक दारात, आणि 'आज राहू दे' म्हणत सलग सहा तास जातात. मग छातीत गाठ येते, लाल होतं, ताप चढतो. पंधरा मिनिटं कुणीही मागितली तरी द्यायची नाहीत. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विश्रांती कायद्यातच आहेत, पण दार लागणारी खोली आधी ठरवून घ्या. मुख्याध्यापकांची खोली चालेल, कडी नसलेली साहित्याची कोठी नाही.

झाकणाचा स्टीलचा डबा पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीत 24 तास, फ्रिजमध्ये चार दिवस, तेही दारात नाही तर आतल्या बाजूला. ताजं कोमट दूध गार दुधात लगेच ओतू नका, आधी गार करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कोमट पाण्यात डबा ठेवा. साय वर आली म्हणजे नासलं असं नाही, हलकं फिरवलं की मिसळते. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनी टाकायचं, हे मावशींना लिहूनच द्या. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं (चोचीची वाटी) बरं. बाटलीचा सराव झाला की काही बाळं अंगावर ओढेनाशी होतात.

वाटीचमचा

बोंडल्याला मुजरा. पण उन्हाळा सरता सरता खोलीत 34-35 अंश असतात. तुमचे ते चार तास 25 अंशांचे. विदर्भात तर शाळा जूनअखेर उघडते तीही उकाड्यातच.

मधली_सुट्टी

मान्य. उकाड्यात तास मोजत बसू नका, काढलं की सरळ बर्फाच्या पेटीत.

दोनशिक्षकी

दोघांचाही हिशेब मोठ्या शाळेचा. दोन शिक्षकांच्या शाळेत साठ दिवस रजा म्हणजे उरलेल्या एकावर चार वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती. बदली शिक्षक सहसा येत नाही. म्हणून थांबा म्हणणाऱ्यांनी हेही बोलावं. आणि रुजू व्हा म्हणणाऱ्यांनी हे: त्या वर्षी पहिलीचा वर्ग मागू नका. पहिलीला जूनमध्ये सतत तोच चेहरा लागतो, आणि बाळाच्या तापाने आठवड्यात दोन दिवस गेले की ती रडारड पुन्हा सुरू होते. तिसरी-चौथी घ्या. वह्या रोज दहाच तपासा, चाळीस मुलांची फेरी चार दिवसांत होते, घरी गठ्ठा जात नाही.

विनाअनुदानित

तुमची सगळी चर्चा पगारी रजेची. आमच्याकडे 26 आठवड्यांनंतर बालसंगोपन वगैरे काही नाही, बिनपगारी थांबलं तर जागाच जाते. सरकारी नोकरीतल्या बाबांनाही ही रजा फक्त पत्नी नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. कायद्यालाच बाळ एकट्या आईचं वाटतं. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय संस्थेने करायची असते, तेवढं तरी लेखी मागा.

कानामात्रा

पेजेचा मुद्दा घेतला, तो माझ्या डोक्यात नव्हता. साठ दिवसांचा नाही. मधला रस्ता सुचतो: जूनमध्ये रुजू व्हा, आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस, पहिला मोठा ताप, मावशींची सुट्टी यांना दोन-तीन दिवसांची किरकोळ रजा राखून ठेवा.

दोनशिक्षकी

शनिवार राहिला. सकाळची शाळा असेल तर पाळणाघर तेव्हा उघडलेलंही नसतं. तो दिवस आजी किंवा बाबांच्या नावावर जूनआधीच ठरवा, आणि शुक्रवारी रात्रीचं दूध त्यासाठी वेगळं काढून ठेवा.