चारकोलमध्ये कापडाच्या चुण्या कशा काढायच्या?

प्रश्न: खुर्चीच्या पाठीवर सुती पंचा टाकून विलो चारकोलने (विलो झाडाच्या काड्यांच्या मऊ कोळशाने) काढतेय. पण चुण्या पन्हाळी पत्र्यासारख्या दिसतात. काय करू?

उत्तर: आधी कापड कुठे अडकलंय ते शोधा. खुर्चीच्या कोपऱ्याला पंचा टेकतो, चुण्या तिथूनच फाकतात. डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच भाग भरा. मग एकेक चुणी बघा: एकीकडे कड धारदार, दुसरीकडे छटा हळूहळू विरत जाते. दोन्हीकडे बोट फिरवलंत की पत्राच होणार! सावलीतही शेजारच्या चुणीवरून परतलेला उजेड असतो. तो पुटी रबरने (कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबरने) हलकेच टिपा, पण पांढरा होऊ देऊ नका. लिओनार्दो दा विंचीचे तागाच्या कापडावर ब्रशने केलेले वस्त्राभ्यास जरूर पाहा, काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. फार शिकवतात ते.

दुसरं उत्तर: दिवा एकच, बाजूने. आणि पंखा बंद, नाहीतर चुण्या सरकतात.

प्रश्नकर्ती: कोपऱ्यापासून काढल्यावर खरंच फरक पडला! अगदी गडद खाचांना कॉम्प्रेस्ड (दाबून घट्ट केलेला) चारकोल चालेल?

उत्तर: चालेल, पण सगळ्यात शेवटी. तो रबरने पूर्ण निघत नाही.