बोटीवर आठ एसएमए (एकेका केबलचे छोटे, आट्यांचे कनेक्टर) लावायचे की एकच मल्टीपिन (सगळ्या लाइनी एकत्र जोडणारा कनेक्टर)?

वास्कोचा_वायरमन:
चवथीआधी एका बोटीच्या मास्टवर दिशा शोधणाऱ्या अँटेनाचं काम केलं. आठ लाइनी, आठ एसएमए, वरून पाऊस आणि मधल्या नटांना पाना घालायला जागाच नाही. दोन लाइनींची अदलाबदल झाली, बेअरिंग (सिग्नल कुठून येतो ती दिशा) चुकीचं येत राहिलं, आम्ही अर्धा दिवस रिसीव्हर तपासतोय. माझं मत, अशा जागी 38999 या लष्करी स्टँडर्डच्या गोल मल्टीपिनच्या एकाच शेलमध्ये (बाहेरच्या कवचात) आठ कोॲक्स कॉन्टॅक्ट (रेडिओ सिग्नलच्या केबलची जोड-टोकं) घाला. तिसऱ्या सिरीजचं शेल एका फेऱ्यात बसतं, खाचांमुळे वेडंवाकडं जातच नाही, पूर्ण बसलं की लाल पट्टी झाकली जाते, टॉर्च मारला की कळतं.

चिखली_बेंच:
पटत नाही. एक एसएमए गेला तर एक लाइन गेली, शेलच्या सीलमधून पाणी शिरलं तर आठही गेल्या. आणि दुरुस्ती? कॉन्टॅक्ट काढायचं टूल, कॉन्टॅक्ट केबलवर दाबून बसवायचं क्रिम्पचं डाय, परत त्याच लांबीची केबल, हे सगळं जेटीवर कुठून आणणार. लाइनींची अदलाबदल झाली ती टॅग नव्हते म्हणून, त्यात एसएमएचा काय दोष?

वास्कोचा_वायरमन:
टॅग होते हो, उन्हाने आणि मिठाने अक्षरं उडालेली. सीलचं म्हणाल तर त्या एसएमएंवर टेप गुंडाळलेला होता, सोडला तर आत पाणी आणि नटाखाली हिरवट खार. 10 गिगाहर्ट्झला करंट तांब्याच्या एक मायक्रॉनपेक्षाही पातळ थरातून जातो, तिथेच खार धरल्यावर काय राहणार? एक सील नीट सांभाळणं आठ टेपांपेक्षा सोपं.

मुरगाव_आरएफ:
कॉन्टॅक्ट किती खोल बसतो याबद्दल दोघेही काहीच बोलत नाहीत बाब. एसएमए टॉर्क पान्याने आवळला की धातूला धातू भिडतो, दर वेळी तिथेच. शेलमध्ये कॉन्टॅक्ट थोडा तरी हलता असतो. टेफ्लॉनच्या केबलमध्ये 10 गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण 21 मिमी, म्हणजे 1 मिमीचा फरक पडला की फेज (लहरीची स्थिती) 17 अंशांनी सरकली, आणि दिशा तर लाइनींच्या फेजमधल्या फरकावरूनच काढायची, तिथे हे चालणारच नाही. म्हणून मल्टीपिन घ्यायचंच तर स्प्रिंगवरचे कॉन्टॅक्ट घ्या, मागून दाब राहतो. आणि चकचकीत निकेलचं शेल बघून भुलू नका, स्टँडर्डमध्ये त्याची खाऱ्या फवाऱ्याची चाचणी 48 तासांची, ऑलिव्ह कॅडमियमची किंवा स्टेनलेसची 500 तासांची. आपल्या खाऱ्या वाऱ्यात निकेल लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

चिखली_बेंच:
स्प्रिंगचा मुद्दा मान्य. पण दहा वेळा काढून घातल्यावर आठही लाइनींची फेज पुन्हा तिथेच येते हे मोजून कोणी दाखवलंय का? मी तरी ते बघितल्याशिवाय मास्टवर चढवणार नाही.

वास्कोचा_वायरमन:
रास्त आहे. शेल आलं की आधी तुमच्याच बेंचवर आणतो, फेज मोजायचा ॲनालायझर तयार ठेवा. स्टेनलेसचंच मागवतोय.