प्रतिसाद: सुटका फक्त बाहेरचेच करतात?

वेठबिगारीतून सुटका पोलीस आणि शहरी संस्थाच करतात, पीडित समाज मदतीची वाट बघत बसतो, हा वरचा मुद्दा अर्धाच पटला. छापा घालायला पोलीस लागतातच. पण नेपाळच्या तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, थारू या आदिवासी समाजाचं उदाहरण इथे कोणी दिलेलं दिसत नाही. तिथे 'सौंकी' म्हणजे जमीनदाराचं कर्ज बापाकडून मुलाकडे यायचं आणि अख्खं घर 'कमैया' म्हणून राबायचं. (आपल्याकडची ऊसतोडीची उचल आठवली ना?) मे 2000 मध्ये कैलाली जिल्ह्यातल्या काही कमैयांनी स्वतः सरकारदरबारी अर्ज केला, किमान वेतन मागितलं. मग धरणी, मोर्चे. 17 जुलैला सरकारला प्रथा बंद झाल्याचं जाहीर करावं लागलं. जमीनदारांनी लगेच हजारो कुटुंबांना हाकललं, ती ताडपत्रीखाली राहिली, जमिनीसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली. तो भाग बातम्यांत फारसा आला नाही.

मुलींचं तर वेगळंच. माघीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, वर्षाचा करार व्हायचा आणि लहान मुलगी 'कमलरी' म्हणून परक्या घरी राबायला जायची. एका बाहेरच्या संस्थेने मुलगी घरी ठेवली तर डुकराचं पिल्लू किंवा बकरी द्यायला सुरुवात केली; ती युक्ती चाललीही. पण 2013 मध्ये एक लहान कमलरी भाजून मेली तेव्हा रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या त्या सुटून आलेल्या मुलींनीच. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने ही प्रथाही संपल्याचं जाहीर केलं.