जानेवारीत पाणी ‘पिण्यास योग्य’, मग जूनमध्ये साथ कशी?

मुलुंडकर:
नमस्कार. मी मुलुंडला राहतो. आमचे मूळ गाव कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या काठी आहे. गावाच्या नळपाणी योजनेची विहीर पात्रालगत असून तिचे पाणी टाकीत चढवून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घरोघरी सोडले जाते. जानेवारीत तपासलेल्या नमुन्याचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला होता. तरीही मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. वरच्या अंगाला एकही कारखाना नाही, असे सगळेच सांगतात. फार्महाऊस आणि रिसॉर्ट मात्र हल्ली बरेच झाले आहेत. अहवालच चुकीचा समजावा काय? आणि घाण नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे?

जलपरीक्षक (निवृत्त):
अहवाल बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे, पण तो केवळ जानेवारीतल्या पाण्याबद्दल बोलतो. तेव्हा पाऊस संपून तीन महिने झालेले असतात, नदीतले पाणी बरेचसे खडकाच्या भेगांतून पाझरून आलेले असते आणि काठावरची घाण काठावरच पडून असते. उघड्यावरचे शौच, गोठ्यांमागचे शेण, ओसंडणाऱ्या सेप्टिक टँकचा निचरा असे उन्हाळाभर साचलेले सारे पहिल्या एकदोन मोठ्या सरींत ओढ्यांवाटे नदीत उतरते. जंतूंच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट नमुना म्हणूनच बहुधा जूनमध्ये मिळतो, आणि नेमका तेव्हाच तो घ्यायला कोणी फिरकत नाही.

कारखाना नाही म्हणजे नदी स्वच्छ, हा समजही तपासून पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरवले, त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते. कसोटी होती बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असण्याची. बीओडी वाढायला रसायनच लागते असे नाही, घरगुती सांडपाणी पुरेसे होते. त्यात आपल्याकडे मुरमाखाली लवकरच काळा पाषाण लागतो. शोषखड्ड्यातले पाणी त्यात जिरत नाही, भेगेतून सरकत जाते. अशी एखादी भेग विहिरीकडे उतरत असेल, तर मातीने पाणी गाळून घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

राहिले टीसीएल. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडते आणि जंतू मातीच्या कणांआड वाचतात, त्यामुळे आधी तुरटीने गाळ बसवावा लागतो. मुंबईला भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांतून तुरटी, वाळूचे गाळणे आणि क्लोरीन या तिन्ही पायऱ्या ओलांडून पाणी येते. गावात बहुतेक वेळा शेवटची तेवढी असते, आणि तीही पोत्याचे तोंड उघडे राहिल्याने लंगडी झालेली. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असते, दमट हवेत ते उतरत जाते. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये. जलसुरक्षकाला (गावात पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्या माणसाला) ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरीनची रंगचाचणी, टाकीपाशी न करता वाडीतल्या शेवटच्या नळावर करायला सांगा. नळीत पिवळा रंग उमटायला हवा, म्हणजे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. रंग आला नाही, तर पुढच्या चर्चेला अर्थ नाही.

नेरळची शेती, भांडुपचे घर:
वरील विवेचन पटले. फक्त उन्हाळ्याचे काय, ते राहून गेले. आंध्रा धरणाचे पाणी भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून उतरून पेज नदीवाटे उल्हासला मिळते, म्हणून संगमाच्या खाली नदी मे महिन्यातही वाहती असते. तुमचे गाव संगमाच्या वर असेल, तर एप्रिलनंतर पात्रात डोह तेवढे उरतात, आणि त्याच डोहांत कपडे, गुरे, गाड्या सगळे धुतले जाते. साबणातले आणि खतातले फॉस्फेट शेवाळाला पोसते. अशा डोहात दुपारी प्राणवायू मोजला तर शेवाळामुळे आकडा उत्तम येतो. रात्री शेवाळच तो वापरते, म्हणून पहाटे त्याच जागी मासे श्वासासाठी वर आलेले दिसतात. त्यामुळे अहवालावर तारखेइतकीच नमुन्याची वेळही लिहिलेली असावी. युरियाचा दोष मात्र मी स्वतः शेतकरी असूनही नाकारणार नाही: भाताला खत दिले आणि त्याच रात्री पाऊस कोसळला, तर बांध फुटून त्यातले बरेचसे ओढ्याला जाते.

मुलुंडकर:
आभारी आहे. गाव संगमाच्या वरच आहे. एकाच वेळी दोनतीन नमुने पाठवता येतील, ते कुठून घ्यावेत?

जलपरीक्षक (निवृत्त):
एक रिसॉर्टांच्या वरच्या बाजूने, एक त्यांच्या खाली, आणि तिसरा विहिरीतून क्लोरीन टाकण्यापूर्वीचा, तिन्ही एकाच सकाळी. पहिले दोन वाहत्या धारेतून घ्या, काठालगतचे थांबलेले पाणी नको. जंतुतपासणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मागून घ्यावी. कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) वरच्या नमुन्यात कमी आणि खालच्यात खूप निघाले, तर बोट कुणाकडे दाखवायचे ते कळेल. दोन्हीकडे सारखेच निघाले, तर रिसॉर्टवाल्यांशी भांडण्याआधी वरच्या वाड्यांतली शौचालये पाहावी लागतील. नदीचे नमुने कसेही निघोत, विहिरीच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडले तर पाऊस उघडेपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.